काजळी लावलेला हात

"तात्या, खरं सांगा... हे कोड तर न्हाई?"

भैरूनं सदऱ्याची बाही वर सारली आणि हात पुढं धरला. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळा कुळकुळीत.

सिदूतात्या म्हणजे गुऱ्हाळावरचे जुने गुळवे, गूळ कढवण्यात मुरलेले. त्यांनी मान हलवली की उकळत्या रसाची काहील उतरायची, तोवर नाही. भैरू तीन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकत होता. पोरगं हुशार. आणि आपण हुशार आहोत, हे त्याला जरा जास्तच ठाऊक. रस तयार झाला का, हे तात्यांच्या आधी आपणच ओळखायचं म्हणून तो काहिलीवर वाकला, अन् उकळता रस हातावर उडाला. त्याला आता बावीस दिवस झाले होते.

तात्यांनी तो हात नाकाशी नेला.

"काजळी?"

"व्हय. खोबरेल तेलात कालवून लावली."

"का रं बाबा?"

"खपली पडली आन् खाली पांढरं-गुलाबी निघालं. डागदर म्हणतोय, रंग यायला महिने लागतील. उन्हात धरू नको, खाजवू नको. महिने! आन् उद्या पोरीकडचे घर बघायला येणारेत. तिच्या चुलत्यानं हा हात बघितला, तर च्या न पिताच उठंल. गावभर सांगंल, पोराला कोड हाय म्हणून."

तात्या गालात हसले.

"अवंदा हंगामभर माझ्या मागं लागला होतास. गूळ काळा दिसतोय तात्या, पावडर टाकू तात्या, पांढरा करू तात्या. आता पांढऱ्याचं काळं करायलास व्हय?"

भैरूला काही हसू आलं नाही. त्याचं लक्ष सारखं हाताकडंच.

तात्यांनी पंचा पाण्यात बुडवून पिळला. तान्ह्या लेकराचं तोंड पुसावं, तशी ती काजळी पुसली. घाई नाही, काही नाही. खालून नवं कातडं निघालं. तुकतुकीत, कांद्याच्या पापुद्र्यागत पातळ. आणि मधेमधे काळे बारीक ठिपके.

"बघा! बघा की! आता ठिपके पण उठलेत. सकाळी दगडानं घासले, तरी जाईनात..."

भैरू नखानं ते खरवडायला लागला.

तात्यांनी हात उजेडाकडं वळवला. डोळे बारीक करून बघितलं. एकेका ठिपक्यातून एकेक केस वर आला होता.

"घासू नको. केसाच्या मुळातनं रंग येतोय. गुळागत रवा धरतोय."

"उद्यापतूर धरंल?"

"न्हाई."

"पण धरंल न्हवं? आज ना उद्या?"

तात्या काहिलीकडं वळले. काहिलीत रस फुगत होता, बसत होता, पुन्हा फुगत होता...

"तात्या... न्हाईच धरला तर?"

तात्यांनी डावा पाय पुढं घेतला आणि धोतर गुडघ्यापर्यंत ओढलं. नडगीवर वीतभर लांब पांढरा चट्टा. भैरू रोज तात्यांच्या डाव्या अंगालाच जेवायला बसायचा. तो चट्टा त्यानं आज पहिल्यांदा बघितला.

"हे... हे कधीचं?"

"रसानंच भाजलेलं. तुझ्याएवढा होतो. हळद लागायला महिना होता."

"रंग आलाच न्हाई?"

"कडंला आला थोडा. मधी न्हाई आला."

भैरूनं आपल्या हाताकडं बघितलं, मग त्यांच्या पायाकडं.

"काकूंना कधी कळलं?"

"लग्न झाल्यावर. मी झाकूनच ठेवला होता."

"मग वो?"

"रडली. आठ दिवस बोलली न्हाई माझ्यासंगट. चट्ट्यापायी न्हाई, झाकला म्हणून."

"आन् आता?"

तात्यांनी धोतर सोडलं. पळीनं थोडा रस काढून गार पाण्यात टाकला, बोटांत धरून बघितला. गोळी बसेना, रस अजून कच्चा.

"दमानं," ते काहिलीकडं बघून म्हणाले.

भैरू बाही खाली सारायला गेला. सारता सारता थांबला.

"परवा तुझी काकू भाकरी थापत बसली होती," तात्या म्हणाले. "सहज इचारलं, 'माझा कंचा पाय भाजला होता गं?' तर मान वर न करता म्हणती... 'उजवा.'"