आवडाईची सावली

तांबडवाडीच्या दक्षिणेला जो काळा कडा उभा आहे, त्याच्या पायथ्याशी ऊन असं पोचतच नाही. ओढ्याच्या अलीकडे गाव. तांबडी मुरमाड जमीन, दिवसभर लख्ख ऊन, आणि दारोदारी मोगरा. पलीकडे मात्र बारमाही ओल, पालापाचोळा कुजून झालेली काळीभोर माती आणि गार सावली. तिथे पांगाऱ्यांवर नागवेल चढली आहे, खाली अबोली आहे, अळू माजलं आहे. या जागेला आवडाईची सावली म्हणतात. तिथे कुणी घर बांधत नाही की कुंपण घालत नाही. वाघजाईचे गुरव सोपानकाका पाहुण्यांना ओढ्यापर्यंत आणतात, वहाणा काढायला लावतात आणि मगच सांगायला लागतात.

आवडाई म्हणे गावच्या माळ्याची सून. वाघजाईची रोजची फुलं तिच्याच घरून जायची. नवरा राघू, आणि लेक एकच, बनू. एका वर्षी गावात देवीची साथ आली. राघू गेला, त्याच्या पाठोपाठ बनू गेली. आवडाई वाचली, पण अंगभर वण घेऊन. लोक भ्याले. गावकी बसली आणि ठरलं, की साथ सरेपर्यंत हिने ओढ्यापलीकडे राहावं. धाकट्या जावेने, सरजाने, उंबऱ्याच्या आतूनच भाकरीचं गाठोडं पुढे सरकवलं. बनूने अंगणात लावलेला मोगरा आवडाईने मुळाच्या मातीसकट उपटला, आडाजवळच्या नागवेलीचा एक फाटा खुडून घेतला आणि ओढा ओलांडला.

साथ सरली. सुगी आली नि गेली. पोरं जन्मली, लग्नं झाली. आवडाईला परत आणू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. आणायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

पलीकडे तिने काटक्या-पाल्याचा झाप उभारला आणि दाराशी मोगरा लावला. अलीकडचे आवाज तिला सगळे ऐकू यायचे. कुणाचं जातं फिरतंय, कुणाची गाय व्यालीय, कुणाच्या दारात सनई वाजतेय. पहिल्या वर्षी ती काठावर येऊन बसायची. पुढे झापातूनच ऐकायला लागली. बोलायला माणूस नव्हतं, तेव्हा आवाजही बसत गेला.

मोगरा जगला, पण फुलला नाही. पानं हिरवीगार, फाटे हात-हात लांब, कळी म्हणून नाही. राघू करायचा तसंच तिने केलं. पौषात छाटला, पाणी तोडलं, मुळं उघडी करून ताण दिला. पण कड्याचा पाझर मातीला सुकू देईना, आणि ऊन तर मुळातच नव्हतं. चैत्र आला की ती रोज पान अन् पान उलटून बघायची. दरवर्षी नुसता पाला. आणि जी नागवेल तिने जाता जाता पांगाऱ्याखाली खोचली होती, ती मात्र न सांगता झाडभर झाली. आवडाईला तिचा रागच यायचा म्हणे. लेकीचं झाड मुकं, आणि हिला एवढा बहर.

मग एक साल असं आलं, की फाल्गुनातच झळा सुटल्या. पंचक्रोशीतले पानमळे करपले. वाघजाईच्या जत्रेला विडा हवा, आणि गावात हिरवं पान नाही. विड्याशिवाय देवीची पालखी उठत नाही. गुरव हवालदिल झाला. जत्रेच्या सकाळी ओढ्यातल्या खडकावर अळूच्या पानात गुंडाळलेली ओली, कोवळी विड्याची पानं दिसली.

"कुणी ठेवली?" गुरवाने विचारलं.

सरजाने पुढे होऊन एक पान उचललं. घरच्या आडाजवळच्या वेलीचंच ते पान. "आक्का," ती म्हणाली. "आमची आक्का जिती हाय."

पालखी उठली, आणि त्याच दुपारी सरजा ओढा ओलांडून गेली. थोरल्या जावेच्या पायांवर डोकं ठेवून तिने तिला गावात आणलं. आवडाईने मोगराही बरोबर घेतला. घर तेच होतं, पण आतली पोरं तिला ओळखत नव्हती. फुलबागेच्या जागी गोठा झाला होता. सरजाने पुरणाचं ताट वाढलं. बायका भोवती जमल्या, सगळ्या एकदम बोलत होत्या. आवडाई जेवली. मग अंगणात उन्हाची जागा बघून तिने मोगरा लावला, माती दाबली, तांब्याभर पाणी घातलं आणि दिवस कलताना निघाली.

"आक्का, कुठं निघालीस? घर तुझंच हाय की."

"माझंच गं, सरजे. पण हाकेला कान लावून लावून ते असे झालेत, की एवढ्या गलक्यात मला काही ऐकूच येत नाही. राहू दे मला तिकडं. ह्याला तेवढं ऊन मिळू दे."

पुढच्या चैत्रात मोगरा फुलला. सरजा पहिली ओंजळ घेऊन काठावर गेली आणि तिने हाक मारली, "आक्काऽ!" बऱ्याच वेळाने आवडाई सावलीतून बाहेर आली. फुलं पदरात घेतली, तोंडाजवळ नेली. त्या दिवशी ती रडली, असं सांगतात. देवीच्या विड्याची पानं देऊन परत गेली. मग दरवर्षी असंच.

एका चैत्रात मात्र हाकेला कुणी आलं नाही. सरजा ओंजळ धरून बसली ती फुलं कोमेजेपर्यंत. मग बायका आत गेल्या. झाप झाडलेला होता, चूल सारवलेली होती, आणि आवडाई कुठेच नव्हती. तिचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

आजही तांबडवाडीत मोगऱ्याची पहिली फुलं देवीला जात नाहीत. घरातली थोरली बाई ती ओढ्यावर आणते आणि आवडाईला हाक मारते. मगच पलीकडे जाऊन फुलं वेलीच्या बुडाशी ठेवायची आणि विड्याला पानं खुडायची. हाकेला ओ कुणी देत नाही. तरी हाक मारली, की लगेच पाऊल उचलायचं नाही. म्हातारी बाई, कड्याखालून यायची, तिला वेळ लागतो, असं तिथल्या बायका म्हणतात.