काजळ्याचा साचा

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा साखरसुद्धा सोन्यासारखी तोळ्यावर विकत. त्या काळी नदीकाठच्या एका नगरात साखरेच्या चित्रांची मोठी पेढी होती. घोडे, मोर, हत्ती, कमळं अशी चित्रं तिथे लाकडी साच्यांत ओतली जात आणि राज्यातल्या गावोगावच्या बाजारांत पोचत.

पेढी चालवायची एक शेठाणी. बाई मोठी हुशार. दोन बोटांत पाक धरून तो किती तारी झाला ते डोळे मिटून सांगायची. गिऱ्हाइकाच्या मनातलंही तसंच ओळखायची. घरातल्यांच्या मनातलं मात्र तिला जरा उशिरा कळे. मोठ्या पेढ्यांत पुष्कळदा असं होतं.

त्या नगरात दरवर्षी दिवटीचा सण असे. फार पूर्वी एका राजाला अंधारातून वाट दाखवत कुणी एक दिवटीवाला पुढे चालला होता, त्याची ती आठवण. पण लोकांच्या आठवणीत राजा राहिला राजासारखा आणि दिवटीवाल्याचा झाला काजळ्या. काळाकुट्ट रंग, लाल जाड ओठ, फताडं नाक, पाठीवर पोतं आणि पोत्याखाली वाकलेली पाठ. असा जळक्या साखरेचा काजळ्या त्या दिवशी घरोघरी यायचा. पोरं आधी त्याचा कान मोडून तोंडात टाकायची आणि ओरडायची,

"काजळ्या रे काजळ्या, तोंड कुठे धुशील?
नदी काळी होईल, मग कुठे जाशील?"

थोरंही पोट धरून हसायची. सणासुदीला माणसानं हसू नये, तर काय करावं?

नदीच्या खालच्या अंगाला, खाडीवर, दर्यापलीकडून आलेली माणसं राहत. रंगानं काळी, कामाला खंबीर. सणाच्या दिवशी ती आपापली दारं लावून आत बसत. त्यांच्यातलीच एक मुलगी शेठाणीच्या मुलानं पसंत करून घरी आणली होती. शेठाणीनं पहिल्यांदा नाक मुरडलं. मग नात झाली आणि मुरडलेलं नाक आपोआप सरळ झालं. नातीचं नाव केवडी. आईसारखाच रंग, आईसारखेच दाट कुरळे केस. मुलगा गलबतं घेऊन व्यापाराला जाई तेव्हा सारं घर केवडीच्या बडबडीवर चाले. आजीचा तिच्यावर फार जीव.

"आमची केवडी ती केवडी आणि काजळ्या तो काजळ्या," शेठाणी म्हणे. "त्याचा नि हिचा काय संबंध?"

त्या वर्षी सण जवळ आला, तशी खाडीवरची काही वडीलधारी माणसं पेढीवर आली. हात जोडून म्हणाली, "बाई, तो काजळ्या तेवढा थांबवा. आमची पोरं बाजारात फिरू शकत नाहीत."

उत्तर पेढीचा हिशेब सांभाळणाऱ्या मुनीमजींनी दिलं. मुनीमजींकडे उत्तर नेहमी तयार असे. "तुमचा गैरसमज होतोय. तो कुणी तुमचा माणूस नव्हे. दिवटीच्या धुरानं काळा झालेला चाकर आहे तो."

एक म्हातारा हळूच म्हणाला, "धुरानं तोंड काळं होतं, मालक. ओठ जाड होत नाहीत."

शेठाणीनं सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले आणि त्यांची बोळवण केली. पण त्या दिवसापासून तिच्या मनाला घोर लागला. केवडी अंगणाच्या पुढे जाईना. कुणी हाक मारली, की आईच्या पदराआड व्हायची. एकदा तर तिनं विचारलं, "आजी, सण या वर्षी नाही आला तर चालेल का?"

सुनेनं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. "सासूबाई, मी भांडत नाही. पण यंदाही काजळ्या निघाला, तर सण झाल्यावर मी केवडीला घेऊन खाडीवर राहायला जाईन. तिथे निदान तिच्यासारखी चार तोंडं तिला दिसतील."

रात्रभर शेठाणीचा डोळ्याला डोळा लागला नाही. काजळ्या बंद करावा, तर राजवाड्याची मागणी हातची जाणार आणि साऱ्या राज्यातले व्यापारी पाठ फिरवणार. चालू ठेवावा, तर नात जाणार. सकाळी तिला मधली वाट सापडली. मधली वाट नेहमी सकाळी सापडते आणि फार सोपी वाटते.

"मुनीमजी," ती म्हणाली, "यंदा काजळ्या पांढऱ्या साखरेचा ओता. काळा रंगच नको. मग कोण काय म्हणणार?"

साचे तेच. ओठ तेच, नाक तेच, पोतंही तेच. नुसता पाक बदलला. शेठाणीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. सणाच्या सकाळी तिनं केवडीला नवं परकर-पोलकं घातलं आणि म्हणाली, "जा गं खेळायला. आता काजळ्या पांढरा झालाय."

केवडीनं आजीकडे पाहिलं. आजीवर तिचा विश्वास होता. ती गेली.

दुपार कलली तरी ती परतली नाही. शेठाणी आधी दारात आली, मग रस्त्यावर, मग चौकात. प्रत्येक पोरानं पांढरा काजळ्या घेतला होता आणि दिवट्यांची काजळी बोटांवर घेऊन तो आपल्या हातांनी काळा केला होता. यंदा तर मजा दुप्पट झाली होती. आयाबाया कौतुकानं म्हणत होत्या, "बघा कसा हुबेहूब रंगवलाय!"

"माझी केवडी कुणी पाहिली का?" शेठाणीनं विचारलं.

एक पोरगी खिदळत म्हणाली, "आली होती ना. आम्ही तिच्या पाठीवर पोतं ठेवलं. म्हटलं, खरा काजळ्या आला! मग ती पळाली."

शेठाणी घाटावर गेली, देवळामागे गेली, खाडीच्या वाटेवर अर्ध्यापर्यंत धावली. नदीकडे बघताना तिला ते गाणं आठवलं. ज्या ओळी तिनं वर्षानुवर्षं हसत ऐकल्या होत्या, त्यांतला शब्द न् शब्द आता तिला भीती घालत होता. तोंड कुठे धुशील? मग कुठे जाशील? देवा, पोर पाण्याकडे तर गेली नसेल?

सून रडत नव्हती. तिनं गाठोडं बांधून दारात ठेवलं होतं आणि ती घराचा कोपरा न् कोपरा धुंडाळत होती. शेवटी दोघी पेढीच्या मागच्या खोलीत शिरल्या, जिथे साचे ठेवलेले असत.

केवडी तिथे होती. राजवाड्यासाठी दरवर्षी पोराएवढा एक काजळ्या ओतला जाई. त्याच्या थोरल्या साच्याचा अर्धा भाग भिंतीला टेकून उभा होता. केवडीनं त्याच्या पोकळीत आपलं तोंड घातलं होतं. गालांना साखर चिकटली होती.

"केवडे! काय करतेस गं बाळा?"

"बघत होते, आजी," केवडी म्हणाली. "माझं तोंड यात बसतं का ते."

शेठाणी साच्याजवळ आली.

"नाही बसत," केवडी म्हणाली. "नाक नाही बसत, ओठपण नाही बसत. मी दोनदा बघितलं. मग सगळ्यांना ते मीच कशी वाटते?"

शेठाणी मटकन खाली बसली. आयुष्यभर तिनं तो साचा बाहेरून पाहिला होता. आज पहिल्यांदा तिनं त्याच्या आत पाहिलं. ते कुणाचंच तोंड नव्हतं. तिच्या आजेसासऱ्यांनी हसण्यासाठी कोरून घेतलेलं ते एक खोटं होतं. आणि पेढीनं ते इतकी वर्षं घरोघरी वाटलं होतं, की नगराला आता खरं तोंड दिसतच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. खाडीवरची माणसं हात जोडून आली तेव्हा तिनं पेढे वाटले होते. डोळे उघडायला स्वतःच्या घरचं लेकरू पोळावं लागलं, यात भूषण कसलं?

ती उठली आणि थोरला साचा स्वतः ओढत भट्टीकडे निघाली.

मुनीमजी आडवे आले. "बाईसाहेब, पिढीजात साचे हे! आपण फक्त चित्रं ओततो. पोरं काय म्हणतात, लोक काय करतात, त्याला पेढी काय करणार?"

"पोरांना ते म्हणायला चित्र कुणी दिलं, मुनीमजी?" शेठाणी म्हणाली. "सरा बाजूला. नाहीतर धरा दुसरी बाजू. जड आहे."

मुनीमजींनी दुसरी बाजू धरली.

काजळ्याचे सारे साचे भट्टीत गेले. सागाचं जुनं लाकूड, चांगलं धडधडून पेटलं. सून म्हणाली, "साचे जळले हे बरं झालं, सासूबाई. पण लोकांनी हे पाहिलं नाही. ते उद्या दुसरीकडून घेतील."

तेव्हा शेठाणी केवडीचा हात धरून पेढीच्या पायरीवर आली. सणानिमित्त निघालेली राजाची पालखी समोरून चालली होती. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काजळ्या खोटा आहे. तो आमच्या पेढीनं घडवला, आम्हीच तुम्हांला हसायला शिकवलं. चूक आमची आहे. यापुढे या पेढीतून तो निघणार नाही." कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या, पालखी न थांबता पुढे गेली.

सुनेनं गाठोडं सोडलं नाही. पण दारातून उचलून आत नेऊन ठेवलं.

राजवाड्याची मागणी तुटली. निम्मी गिऱ्हाइकं गेली आणि त्यांतली बरीचशी पुन्हा फिरकली नाहीत. खाडीवरच्या त्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून पेढी सणाला नुसती साखरेची दिवटी ओतू लागली. पुढे लहान पोरांना ती आवडू लागली, आणि हळूहळू ते गाणं कुणाला पुरतं आठवेना. खाडीवरची दारं सणाच्या दिवशी उघडी राहू लागली.

केवडी मोठी झाली आणि पेढीची मालकीण झाली. साखरेचं काम तिच्याइतकं कुणाला येत नसे. पण नवा साचा आला, की तो भट्टीपाशी नेण्याआधी ती त्याच्या पोकळीत आपलं तोंड घालून पाही. ती सवय तिची शेवटपर्यंत सुटली नाही. शेठाणी म्हातारपणी ते बघायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची.

तात्पर्य : साचा ज्याचा, त्यातून निघणाऱ्या प्रत्येक आकाराचा जाब त्यालाच द्यावा लागतो, नुसता रंग बदलून त्यातून सुटका होत नाही.