हेमांगीताईंनी परतवलेला हार

एका माळावर विमान चालवायला शिकवणारी एक शाळा होती. शाळेची विमाने दोनच, आणि दोन्ही जुनाट. हेमांगीताई तिथे शिकवायच्या. बोलायला फटकळ, पण विद्यार्थ्यांवर त्यांचा भारी जीव.

एका विमानाचा, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप बिघडला होता. मध्येच इंजिन आचके द्यायचे. ताईंनी नोंदवहीत तीनदा लिहिले, ‘पंप बदला.’ मालक रणधीरराव दरवेळी हसून म्हणायचे, “अहो ताई, उडतंय ना? मग कशाला उगाच काड्या करता?” चौथ्या वेळी ताईंनी लिहायचेच सोडून दिले.

एका सकाळी तेजल नावाच्या विद्यार्थिनीला घेऊन त्या वर गेल्या. आठशे फुटांवर इंजिनाने दोन आचके दिले आणि पंखा थांबला. खाली एकीकडे वस्ती, दुसरीकडे हरभऱ्याचे रान. ताईंनी विमान कसेबसे रानाकडे वळवले. चाके ढेकळांत रुतली आणि विमान नाकावर उलथले. ताईंच्या कपाळाला खोक पडली. तेजलचा उजवा पाय मात्र गुडघ्याखाली चिरडला. डॉक्टरांना तो काढावा लागला.

पंधरा दिवसांनी रणधीररावांनी मांडव घातला. पुढारी आले, पत्रकार आले, हार, शाल, नारळ आले. ‘वस्ती वाचवणाऱ्या रणरागिणीचा सत्कार’ असा भलामोठा फलक लागला. पंपाचे नाव कोणीच काढेना.

रणधीरराव भाषणात म्हणाले, “यंत्र म्हटलं की बिघडायचंच. दैवापुढे कोणाचं चालतं? पण आमच्या ताई म्हणजे वाघीण!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळ्याशी आलेला हार त्यांनी हाताने दूर सारला.

“दैवाला कशाला मध्ये ओढता? पंप गेलाय हे तुम्हाला ठाऊक होतं. तीनदा लिहून दिलं होतं मी! एकोणीस वर्षांची पोर एक पाय गमावून दवाखान्यात पडलीय, आणि तुम्ही मला शाली कसल्या घालता?”

रणधीरराव दात आवळून कुजबुजले, “ताई, खाली बसा. उडवलंत तुम्हीच ना? तुमचाही परवाना जाईल.”

ताईंना ठाऊक होते, रणधीररावांचे बोलणे खोटे नव्हते.

“जाऊ दे!” त्या मोठ्याने म्हणाल्या. “माहीत असून मी ते विमान उडवलं. तो माझा गुन्हा. तो मी लपवणार नाही, आणि तुमचाही लपू देणार नाही.”

त्या तशाच मांडवातून निघाल्या आणि नोंदवही अपघाताची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हातात ठेवून आल्या. शाळेला टाळे लागले. ताईंचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. मग दवाखान्यात जाऊन त्यांनी तेजलला सारे सांगितले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिने त्यांना माफ केले नाही. ताईंनीही माफी मागून तिला अवघडवले नाही.

तात्पर्य: आपल्या हयगयीने ओढवलेल्या संकटाला दैव म्हणू नये; आणि शौर्याचे गोडवे गाऊन त्या हयगयीवर पांघरूण तर मुळीच घालू नये.