गोदूचं मौन

"पायरीवरून पडली, गुडघा फुटला, आणि तरी रडली नाही म्हणतोस?"

"हूं नाही की चूं नाही, माई," नरहरी म्हणाला. "उठली आणि आपणहून पडवीत जाऊन बसली. भिंतीकडे तोंड करून."

मठ चालवणाऱ्या येसूमाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

आता शाबासकी येणार, असं नरहरीला वाटलं. तो जरा ताठ बसला.

मठाची एक जुनी रीत होती. ज्याला राग येईल त्यानं मागच्या पडवीत जायचं, भिंतीकडे तोंड करून मुकाट बसायचं आणि राग ओसरला की उठून कामाला लागायचं. या बाबतीत नरहरीचा हात धरणारा मठात कोणी नव्हता. त्याचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. याचा आपल्याला गर्व नाही असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, म्हणजे किती होता ते समजून घ्या.

मठाची बालवाडी सांभाळणाऱ्या सुलभाबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि माईंनी ती त्याच्या गळ्यात घातली. ग्रंथांचा अर्थ सांगणाऱ्या माणसानं शेंबडी नाकं पुसायची! नरहरीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो पडवीत जाऊन बसला आणि हसऱ्या चेहऱ्यानं परत आला.

त्यात ही गोदू. चार वर्षांची. आई दिवसभर यंत्रमागावर. सकाळी आईचा पदर हातातून सुटला की पोरगी नुसती पिसाळायची. दुसऱ्यांनी केलेले मातीचे बैल तुडवायची, खिचडीची ताटली भिरकावायची, जवळ जाईल त्याला चावायची.

नरहरीनं तिला पडवीत नेऊन बसवलं. रडं थांबेपर्यंत उठायचं नाही. मागे वळून बघायचं नाही.

सुरुवातीला ती घसा बसेस्तोवर रडली. मग थोडी कमी रडली. मग...

"मग शांत झाली," नरहरी म्हणाला. "मोठमोठ्यांना जमत नाही ते या पोरीनं केलं."

माईंनी हातातली शेंग सुपात टाकली.

"पडवीत तुला कोण बसवतं रे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. मीच जातो."

"आणि उठवतं कोण?"

"मीच उठतो."

"गोदूला?"

नरहरी हसला. "माई, चार वर्षांच्या पोरीला एवढं कुठे कळतं?"

"आणि मौन कळलं होय?"

...

शेंगांचं सूप माईंनी हातानं असं लोटलं की दाणे ओसरीभर झाले. नरहरी दचकला. एवढ्या वर्षांत त्यानं माईंना असं पाहिलं नव्हतं.

"पोरीच्या गुडघ्यातून रक्त येतंय, आणि तिला कोणाकडे बघून रडावंसं वाटत नाही! ती शांत झालेली नाही, मेल्या. तिनं तुझा नाद सोडलाय. तुझा, माझा, या सगळ्या मठाचा. आणि तू मला कौतुकानं सांगत आलास?"

नरहरीच्या कानशिलांत रक्त चढलं. नेहमीप्रमाणे तो उठला आणि पडवीकडे वळला.

"तिकडे नाही," माई म्हणाल्या. "इथे बस."

"मला राग आलाय, माई."

"दिसतंय. बस."

"सोडा माझा हात."

माईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. म्हातारीचा हात, पण सुटेना.

मग मात्र नरहरीचा तोल सुटला. तो ओरडला. भलतंसलतं बोलला. मी इथे ज्ञान मिळवायला आलो, पोरांची आई व्हायला नाही! रांधायला मी, झाडायला मी, आता शेंबूड पुसायलाही मीच! तुम्ही एकदा तरी विचारलंत का, नरहरी, तुला काय हवंय? कधीतरी माझ्याकडे बघितलंत का? डोळे भरून आले तेव्हा त्याला स्वतःचीच चीड आली, आणि तो आणखी ओरडला.

माईंनी समजूत घातली नाही. मान खाली घालून ऐकत राहिल्या. त्यांच्याही कपाळावरची शीर अजून उडत होती.

पण हात सोडला नाही.

नरहरीचे शब्द संपले. मग नुसता श्वास उरला, धापा टाकल्यासारखा. हळूहळू धाप ओसरली आणि तो खाली बसला. शेजारी माईंचा श्वास चालू होता, आपल्या चालीनं.

...

"माई," तो म्हणाला, "तिच्या गुडघ्याला कोणी काही लावलंय का?"

माईंनी त्याचं मनगट सोडलं.

पडवीत गोदू भिंतीकडे तोंड करून बसली होती. फ्रॉकच्या घेरावर रक्त सुकलं होतं. नरहरी हळदीची वाटी घेऊन तिच्याशेजारी जमिनीवर टेकला.

"लई दुखतंय?"

गोदू भिंतीकडेच बघत राहिली.

त्यानं बोटानं हळद लावली. गोदूचा पाय झटकन आखडला. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं, पुष्कळ दिवसांनी.

आणि फाडकन त्याच्या तोंडात मारली.

वाटी उलटली. नरहरीचा हात आपोआप वर गेला. भिंतीकडे बोट दाखवायची सवयच झाली होती त्याला. तो हात त्यानं कसाबसा मांडीवर आणून ठेवला.

तिनं दुसरी मारली. मग तिसरी. मग तोंड उघडून तिनं असा टाहो फोडला की पडवीतली कबुतरं उडाली. आई, आई, आई... आणि दोन्ही मुठींनी ती त्याच्या छातीवर बडवत राहिली.

आतल्या खोलीत जपाला बसलेले वामनबुवा तरातरा बाहेर आले. "अहो, जपाची वेळ आहे ही! मठ आहे का बाजार? आधी त्या पोरीला गप्प करा!"

माई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी बुवांकडे अशा नजरेनं पाहिलं की बुवा आल्या पावली आत गेले.

नरहरीच्या दाढीला हळद लागली होती. ओठ फुटला होता. त्यानं केविलवाण्या चेहऱ्यानं मान वर केली.

"माई, ही मला मारतेय!"

"तुलाच मारतेय ना?" माई म्हणाल्या. "मग हलू नकोस तिथून."