जोडीचा फोटो

“पांढऱ्याचं काळं करायला असा कितीसा वेळ लागतो, मास्तर?” हर्षलनं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

दस्तगीर मास्तर खिडकीशी बसून जुन्या कॅमेऱ्याची लेन्स पुसत होते. तासगावच्या त्या स्टुडिओत त्या लेन्सला आता काम उरलं नव्हतं, पण ती पुसल्याशिवाय मास्तरांचा दिवस सुरू होत नसे.

हर्षल पुण्याहून फोटो एडिटिंगचा कोर्स करून आला होता आणि मास्तरांच्या हाताखाली शिकायला राहिला होता. शिकण्यासारखं फारसं काही राहिलेलं नाही, अशी त्याची मनोमन खात्री होती. नवरदेवाच्या मामापासून निवडणुकीला उभ्या राहिलेल्या काकांपर्यंत गावात कुणालाच त्यानं फोटोत पन्नाशी गाठू दिली नव्हती.

मास्तर एकदाच म्हणाले होते, “आधी माणूस बघ. मग केस.”

हर्षलनं मान डोलावली होती. म्हातारी माणसं असं काहीतरी बोलतातच.

तेवढ्यात चंपाक्का आल्या, त्या हातातल्या पिशवीशी बोलतच.

“आलं हो दुकान. जरा दम धरा.”

पिशवीतून फ्रेम निघाली. तेल लावून मागे वळवलेले दाट काळे केस, कोरलेली मिशी, ऐन पंचविशीतला जवान गडी. मागे राजवाड्याच्या जिन्याचं चित्र. तो पडदा अजून स्टुडिओच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला होता.

“वळखलं का, मास्तर? तुम्हीच काढलेला हाय.”

मास्तरांनी फ्रेम दोन्ही हातांत घेतली. “वळखलं की. पापणी लवत होती, म्हणून दोनदा काढला.”

“तवा नव्या नवरीनं बाजारात यायची रीत न्हवती. घरी येऊन मला म्हणाले, पुढच्या खेपेला जोडीनं जाऊ.”

“मलाबी तसंच सांगून गेलते.”

“त्याच साली तापानं गेले... पोर पोटात हुतं माझ्या.”

अक्का खुर्चीवर बसल्या. त्यांचा अंबाडा कापसासारखा पांढरा होता.

“परवा नातीला बघायला पाव्हणे आले. भिताडावर ह्यांचा फोटो, शेजारी माझा. पाव्हणे मला म्हणाले, अक्का, पोरगा लवकर गेला व्हय तुमचा?”

“माझे केस काळे करून दे, बाबा,” अक्का हर्षलला म्हणाल्या. “आन् दोघांचा मिळून एकच फोटो कर. त्यांच्या शेजारी शोभले पायजे मी. पुन्हा कुणी त्यास्नी माझा पोरगा म्हणू नये.”

हे तर हर्षलच्या डाव्या हातचं काम होतं. त्यानं अक्कांचा फोटो काढला, फ्रेममधला फोटो स्कॅन करून शेजारी घेतला आणि अक्कांचे केस काळे केले. विरळ भांग भरून काढला. काळ्या केसांखाली सुरकुत्या विजोड दिसायला लागल्या, तेव्हा त्याही पुसल्या. मग खुर्ची मागे सारून तो ऐटीत बाजूला झाला.

अक्कांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

“ही कोण?”

“तुम्हीच की, अक्का.”

“पोरगी गोड हाय...” अक्का म्हणाल्या. “पर ही ह्यांच्याजवळ कशाला बसलीया?”

हर्षल हसला. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी फ्रेम उचलली आणि पिशवी शोधू लागल्या.

“ऱ्हाऊ दे, बाबा. लई उशीर झाला आता...”

मास्तर उठले. आरशाखालच्या फळीवर गिऱ्हाइकांसाठी कंगवा आणि पावडरचा डबा असे. डबा घेऊन ते अक्कांच्या शेजारी, हर्षलच्या खुर्चीत बसले, त्यांच्या हातातली फ्रेम आपल्या मांडीवर घेतली, बोट पावडरीत बुडवलं आणि काचेवर, त्या जवानाच्या कानशिलापाशी फिरवलं.

काळ्या केसांवर पांढरी रेघ उमटली.

“हे काय करताय, मास्तर?”

मास्तरांनी दुसऱ्या कानशिलावरही बोट फिरवलं.

अक्का एकटक बघत होत्या.

“त्यांच्या थोरल्या भावाचं... हितनंच पिकलं हुतं,” त्या हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी डबा त्यांच्यापुढे धरला.

अक्कांनी बोट बुडवलं. कपाळापासून मागे, नवऱ्याचा एकेक केस विंचरावा तसं ते फिरवलं.

“म्होरनं जरा इरळ झालं असतं. सासऱ्यास्नी टक्कल हुतं... टक्कल नगं पर.”

“मिशी?” मास्तरांनी विचारलं.

“मिशी कशाची पिकू देत्यात! चोरून कलप लावला असता.” अक्का खुदकन हसल्या आणि लगेच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मास्तर उठले आणि आपली जागा हर्षलला दिली.

स्क्रीनवरची ती गोड पोरगी हर्षलनं आधी पुसून टाकली. अक्कांचा फोटो होता तसा, पांढऱ्या केसांसकट, परत आणला. मग तो त्या जवानाचे केस पिकवायला बसला आणि पहिल्याच केसाला अडला. काळं करताना त्याला कुणालाच काही विचारावं लागलं नव्हतं. आता दर वेळी मान वळवून विचारावं लागत होतं. उन्हात डोळे बारीक करायचे का? हसताना गालाला खळी पडायची का? अक्का सांगत होत्या आणि दुपार सरत होती. सांगता सांगता त्यांचा आवाज नव्या नवरीसारखा कोवळा झाला होता.

शेवटी स्क्रीनवर दोन पिकली माणसं शेजारी शेजारी बसली. मिशी तेवढी काळीभोर होती.

अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“म्हातारं झालासा की ओ,” त्या म्हणाल्या.

छापलेला जोडीचा फोटो आणि फ्रेम पिशवीत घालून त्या गेल्या. स्टुडिओचा जिना उतरतानाही त्यांचं पिशवीशी काहीतरी बोलणं चाललं होतं.

हर्षलला भरून आलं होतं आणि त्याचा त्याला रागही येत होता.

“पण मास्तर... तो माणूस तर कधी म्हातारा झालाच नाही. मग हा फोटो खोटाच ना?”

मास्तर बोटाची पावडर सदऱ्याला पुसत होते. त्यांनी दाराकडे बघितलं.

“जोडीनं येतो म्हणाला होता... यायला एवढा उशीर केला. केस पांढरे व्हायचेच.”