दोन कुलपांचं दार

एका गावात शिरपा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. त्याला जे सांगावं ते तो करायचा. जे सांगितलं नाही ते करायचा नाही. एवढ्यावरून गावाने त्याला भोळा ठरवलं होतं. बाकीचं गाव हुशार होतं.

गाव किती हुशार होतं, ते आधी सांगायला हवं.

गावात पूर्वी दोन मोठे पैलवान होऊन गेले. वरच्या आळीचे रंगराव आणि खालच्या आळीचे आदगोंडा. रंगरावांनी ज्या वर्षी लंगोट खुंटीला टांगला, त्याच वर्षी आदगोंडांनी आपला पहिल्यांदा बांधला. त्यामुळे मातीत दोघांची गाठ कधी पडलीच नाही. पुढे दोघंही वारले. मग गावाला प्रश्न पडला, की दोघांची कुस्ती झाली असती तर कोण जिंकलं असतं?

पारावर हा प्रश्न चाळीस वर्षं चालला होता.

"रंगरावांनी पहिल्या मिनिटात आस्मान दाखवलं असतं," वरची आळी म्हणायची.

"आदगोंडांच्या मांडीखाली मान गावली असती म्हंजे कळलं असतं," खालची आळी म्हणायची.

बोलणाऱ्यांपैकी एकानेही कधी लंगोट बांधला नव्हता. काहींना तर पारावरून उठताना हात द्यावा लागायचा.

अशात गावच्या तालमीला नवं दार बसवलं. सागाचं, दोन फळ्यांचं. दारावर गावच्या सर्वांत थोर पैलवानाचा फोटो लावायचं ठरलं. कोणाचा, यावर सभा मोडली. वरच्या आळीने दाराला कुलूप घातलं. खालच्या आळीने त्याच्याशेजारी दुसरं घातलं. निकाल लागला की दोन्ही उघडायची, असं ठरलं. त्याला सात वर्षं झाली. सात वर्षांत त्या तालमीत एकही पैलवान तयार झाला नाही. पैलवानांविषयी बोलणारे मात्र पुष्कळ तयार झाले.

शिरपाला एक मुलगी होती. राजमती. आठवीत होती आणि तिला कुस्ती खेळायची होती. यंदाच्या जत्रेत मुलींच्या कुस्त्या पहिल्यांदाच होणार होत्या. राजमतीची जोड शेजारच्या गावच्या मुलीशी ठरली होती. सराव ती घरामागच्या मुरमावर करायची. मुरमावर पडलं की कोपर सोलून निघतं. दोन्ही कोपरं सोलून झाल्यावर ती सरपंचांकडे गेली.

"तालीम उघडा की, सरपंच. पंधराच दिवस राहिलेत."

"उघडू की," सरपंच म्हणाले. "निकाल लागू दे."

"कसला निकाल?"

"रंगराव का आदगोंडा."

"पण ते तर वारले."

"म्हणून तर वेळ लागतोय," सरपंच म्हणाले.

पण त्यांच्या मनात एक गोष्ट आली. चौकशी करायला कुठल्याच बाजूचा नसलेला माणूस हवा होता. शिरपाचं घर दोन्ही आळ्यांच्या मधोमध होतं, आणि मत नसलेला गावात तो एकटाच होता. सरपंचांनी त्याला बोलावलं.

निघताना राजमती म्हणाली, "आप्पा, ते सांगतील तेवढंच करा हं. आपलं डोकं चालवू नका."

शिरपाने ते मनावर घेतलं.

सरपंच म्हणाले, "आधी वजनाचं बघू. रंगरावांच्या घरी जा आणि त्यांचं वजन घेऊन ये."

शिरपा गेला. रंगरावांचा नातू गुऱ्हाळावर होता.

"तुमच्या आजोबांचं वजन पाहिजे," शिरपा म्हणाला.

नातवाने छाती फुगवली. "आमचे आजोबा म्हंजे गुळाच्या पाच ढेपा! लिहून घे."

शिरपाला लिहायला सांगितलं नव्हतं. घेऊन यायला सांगितलं होतं. नातू रसाच्या काहिलीकडे वळल्यावर त्याने पाच ढेपा उचलल्या, हातगाडीवर घातल्या आणि उन्हातून ढकलत पारावर आणल्या. मागून गावातल्या सगळ्या मुंग्या आल्या. त्यांच्या मागून सगळी पोरं आली. पारावर पोचेपर्यंत रंगराव निम्मे उरले होते.

"आरं, हे काय?" सरपंच ओरडले.

"रंगराव," शिरपा म्हणाला.

खालची आळी पोट धरून हसली. "बघा, बघा! मुंग्यांनी हरवलं!"

सरपंचांनी कपाळावर हात मारला. "शिरपा, लेका, गूळ असा उघडा आणतात व्हय? घरात बायका काय करतात बघितलं न्हाईस? परातीत पाणी घालायचं आणि मधोमध ठेवायचं. मुंगी लागत न्हाई."

"बरं," शिरपा म्हणाला. "पुढच्या वेळी तसं करतो."

पुढच्या वेळी त्याला आदगोंडांच्या घरी पाठवलं. आदगोंडांनी एकदा पंजाबच्या एका पैलवानाला चीत केलं होतं. त्याची बातमी वर्तमानपत्रात आली होती. ते कात्रण त्यांच्या सुनेने ट्रंकेत जपून ठेवलं होतं. खालच्या आळीजवळ तेवढा एकच पुरावा होता.

सुनेने कात्रण काढून दिलं. "जपून न्या, भावजी. दुसरं न्हाई."

"काळजी करू नका, वहिनी. मुंगी लागू देणार न्हाई," शिरपा म्हणाला. "जरा परात देता?"

त्याने परातीत पाणी घातलं, मधोमध कात्रण ठेवलं आणि परात डोक्यावर घेऊन हळूहळू चालत पारावर आला. एक थेंब सांडू दिला नाही.

सरपंचांनी परातीत बोट घातलं. बोटाला थोडा लगदा लागला.

"हे काय?"

"आदगोंडा," शिरपा म्हणाला.

आता वरची आळी हसली. "विरघळला! आम्ही म्हणतच होतो, पहिल्या मिनिटात विरघळला असता!"

सरपंच म्हणाले, "आरं, कागद पाण्यात घालतात? कागदाच्या चार घड्या घालायच्या आणि खिशात ठेवून आणायचा. एवढंसुद्धा कळत न्हाई?"

"आता कळलं," शिरपा म्हणाला.

घरी राजमती वाट बघत होती. "निकाल लागला?"

"लागतोय," शिरपा म्हणाला. "दोघंही निम्मेनिम्मे झालेत."

जत्रेला दहा दिवस राहिले. राजमतीचा एक गुडघाही सोलला.

मग कोणाला तरी आठवलं, की दोन्ही पैलवानांना शिकवणारे म्हातारे वस्ताद अजून आहेत. मळ्यात राहतात. नव्वदीच्या पुढे गेलेत. खरं काय ते त्यांच्याशिवाय कोण सांगणार? सरपंच म्हणाले, "शिरपा, जा, वस्तादांना घेऊन ये."

शिरपा मळ्यात गेला. वस्ताद काठी टेकत उभे होते. वयाने कमरेत वाकले होते. शिरपा त्यांच्याभोवती एक फेरी मारून आला.

"काय बघतोस रं?" वस्तादांनी विचारलं.

"एक घडी तुमची तुम्हीच घातलीय," शिरपा म्हणाला. "राहिल्या तीन."

आणि त्याने वस्तादांची मान खाली दाबली.

पुढे काय झालं ते शिरपाला नीट सांगता आलं नाही. काठी बाजूला पडली. एक हात त्याच्या मानेवर आला, एक पाय त्याच्या पायात आला, आणि शिरपा उताणा पडून आभाळ बघू लागला. वस्ताद होते तिथेच उभे होते.

"कशापायी आला हुतास?" त्यांनी विचारलं.

पडल्यापडल्या शिरपाने सगळं सांगितलं. वस्ताद ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "पारावरच्यांना जाऊन सांग. कुस्तीचा निकाल तोंडात लागत न्हाई, मातीत लागतो. ज्याची पाठ मातीला लागली, तो हरला. जो उभा ऱ्हायला, तो जिंकला. ह्याच्या म्होरं कुस्तीत काय बी नसतंय."

शिरपा एकटाच परत आला. सरपंच भयंकर चिडले.

"वस्तादांच्या घड्या घातल्यास? जुन्या माणसाशी असं वागतात? जुन्या माणसाला आधी कढत पाण्यानं अंघोळ घालायची. अंग चांगलं रगडायचं. मग मऊ जागा बघून पाठीवर निजवायचं, की आराम पडतो!"

"तुम्ही आधी सांगायला पाहिजे हुतं," शिरपा म्हणाला.

शेवटी सरपंचांनी ठरवलं, की चिठ्ठी टाकायची. दोघांचे फोटो तालमीपुढे मांडायचे, लहान पोराकडून चिठ्ठी उचलायची, ज्याची निघेल त्याचा फोटो दारावर. दोन्ही आळ्या कुरकुरत तयार झाल्या.

"शिरपा, आता एवढं एकच काम," सरपंच म्हणाले. "दोन्ही घरनं फोटो घेऊन तालमीकडं जा. आम्ही जेवून येतो. जुनी माणसं आहेत, मी सांगितलं तसं नीट वाग. आणि खबरदार, कुलपांना हात लावशील तर!"

गाव जेवलं. जेवून जरा लवंडलं. जरा म्हणता म्हणता चार वाजले. मग सगळे उठले आणि तालमीकडे आले.

तालमीला दार नव्हतं.

दार बाजूच्या भिंतीला टेकून ठेवलं होतं. शिरपाने बिजागऱ्यांच्या खिळ्या काढून अख्खं दार उतरवलं होतं. दोन्ही फळ्या एकमेकींना घट्ट धरून होत्या. कुलपं होती तशीच होती.

"हात लावलेला न्हाई," शिरपा म्हणाला. "ओढून बघा."

दोन्ही आळ्यांनी आपापलं कुलूप ओढून बघितलं. लागलेलं होतं. आता ओरडावं कशावरून, ते कोणाला कळेना. सगळे आत शिरले.

आत कुस्तीच्या हौद्यात लाल माती होती. सात वर्षांनी तिला कोणी तरी खोऱ्याने उकरलं होतं. मातीवर दोन्ही फोटो शेजारीशेजारी, उताणे ठेवले होते. आणि मधोमध राजमती बैठका मारत होती. दार नाही म्हटल्यावर ती आत आली होती. तिला कोणी नको म्हटलं नव्हतं.

"फोटो मातीत?" सरपंच किंचाळले.

"सगळ्या गावात मऊ जागा हीच," शिरपा म्हणाला.

"आणि काचा कुठं गेल्या?"

"काचेसकट अंघोळ कशी घालणार? चौकट काढली, काच काढली, कढत पाणी घातलं, मग अंग रगडलं. तोंड तर चांगलंच रगडलं."

सगळे वाकून बघू लागले. अंगं जागेवर होती. रुंद छाती, घडी घातलेले हात, लंगोट. चेहऱ्यांच्या जागी मात्र दोन पांढरे डाग होते.

"यातले रंगराव कुठले?" सरपंचांनी विचारलं.

वरच्या आळीने बघितलं. खालच्या आळीने बघितलं. उजवीकडचा म्हणावा तर छाती जरा डावीकडच्यासारखी वाटत होती. चाळीस वर्षं ज्यांनी दोघांच्या दंडांची मापं पारावर बसून सांगितली, त्यांतला एकही बोलेना.

चिठ्ठीचं ऐकून मळ्यातून वस्तादही आले होते. सगळे त्यांच्याकडे वळले. "वस्ताद, तुम्हीच सांगा आता."

वस्तादांनी दोन्ही फोटोंकडे एकेकदा बघितलं. हसले. "मी कशाला सांगू? तुमी दोघांना चांगलं वळखता की."

"म्हणजे निकाल न्हाईच?" सरपंच रडकुंडीला आले.

"लागला की निकाल," शिरपा म्हणाला. "वस्तादांनीच सांगितलंय. ज्याची पाठ मातीला लागली, तो हरला. दोघांची लागलीय. दोघंही हरले."

"मग जिंकलं कोण?"

शिरपाने हौद्यात बघितलं. "उभी एकटी राजीच हाय."

राजमतीने मांडीवर शड्डू ठोकला. आवाज छपराला लागून परत आला. कोणाला यायचंय का पुढे, असं तिने तोंडाने विचारलं नाही. तरीही पारावरचे सगळे एकेक पाऊल मागे सरले.

सरपंचांचा राग शिरपावर निघाला. "हे दार आत्ताच्या आत्ता पहिलं जसं हुतं तसं करून ठेव!" एवढं बोलून ते तरातरा निघून गेले.

शिरपा विचारात पडला. दार पहिलं कसं होतं? तो सुताराकडे गेला.

"तालमीचं दार पहिलं काय हुतं रं?"

"पहिलं?" सुतार म्हणाला. "सागाचं झाड."

सकाळी गाव उठून बघतं तर तालमीशेजारी खड्डा खणून दार उभं पुरलेलं. भोवती छानसं आळं केलेलं. आणि शिरपा त्याला घागरीने पाणी घालतोय.

दार उपटायचं ठरलं. कोणत्या आळीने उपटायचं, यावर सभा मोडली.

राजमतीला मातीत पुरते आठ दिवस मिळाले. जत्रेत तिने समोरच्या मुलीची पाठ मातीला लावली आणि कोपरं न सोलता घरी आली. तालीम आता उघडीच असते. दार नसल्यामुळे दारावर कोणाचा फोटो लावायचा, हा प्रश्नही कोणी काढत नाही.

शिरपा रोज दाराला पाणी घालतो. अजून पालवी फुटलेली नाही. पण वरच्या आळीतून एक आणि खालच्या आळीतून एक, अशी दोन हुशार माणसं रोज सकाळी तिथे येतात आणि आपापलं कुलूप नीट लागलेलं आहे ना, ते ओढून बघून जातात.