पाचव्या पानाआधी

"पण सगळे रडत होते ना, ताई? मग त्या एकट्याच कोरड्या कशा राहिल्या?"

जयराज निंबकरने हा प्रश्न दारातूनच टाकला. चपला काढायचंही त्याला भान नव्हतं.

इंदुताई कर्णिकांनी त्याला आधी बसायला सांगितलं. सांगलीत अभिवाचन म्हणजे इंदुताई, असा एक काळ होता. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. हातात कागद घ्यायचे आणि समोरच्यांना गोष्ट वाचून दाखवायची, एवढंच. जयराजला हे त्यांनीच शिकवलं. पुढे तो मालिकांत गेला, त्याने नाव कमावलं, आणि शिकायचं अजून काही उरलंय हे सोयीस्करपणे विसरला. आज मात्र स्वारीचा तोरा पार उतरला होता.

झालं होतं असं. लेखिका हेमलता शेजवळ यांनी आपल्या धाकट्या भावाची आठवण लिहिली होती. पोरगा ऐन सोळाव्या वर्षी नदीवर पोहायला गेला, तो परत आलाच नाही. बाईंची नजर आता अधू झालेली, म्हणून ती आठवण अभिवाचनाच्या एका कार्यक्रमात जयराज वाचणार होता. काल तालीम झाली. आयोजकांनी डोळे पुसले, माईक लावणाराही हातातलं काम टाकून उभा राहिला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि निघताना आयोजकांना सांगितलं, दुसरं कोणी मिळतं का बघा.

आयोजकांनी फारच गळ घातली, तेव्हा उद्या सकाळी पुन्हा एकदा ऐकायला त्या तयार झाल्या. तेवढी एकच संधी.

जयराजला राग आला होता, नाही असं नाही. पण रागापेक्षा कुतूहल जास्त होतं. आपलं चुकलं कुठे, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"वाच," इंदुताई म्हणाल्या.

त्याने कागद काढले. घसा साफ केला, क्षणभर डोळे मिटले आणि मग तो सुप्रसिद्ध खर्ज लागला.

"त्या दिवशी सकाळी दिनूने माझी वेणी खिडकीच्या गजाला बांधली, आणि आईला ओरडून सांगितलं, ही काही आज उठत नाही…"

इंदुताई खुर्चीतून उठल्या. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, त्याच्यासमोर खाली सतरंजीवर येऊन बसल्या, आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दुखवट्याला आलेल्या बायका बसतात, अगदी तशा.

"कधी गेला रे?" त्यांनी हळूच विचारलं.

जयराज गोंधळला. "कोण?"

"ज्याच्यासाठी हा आवाज लावलायस, तो."

"दिनू? तो… अजून कुठे? तो पाचव्या पानावर जातो."

"आणि हे कितवं पान?"

"…पहिलं."

ताईंनी पदर सारखा केला, गुडघे धरत उठल्या आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या.

जयराज कागदाकडे बघत राहिला. श्रोत्यांना आधीपासून तयार करावं लागतं, नाहीतर शेवट अंगावर येत नाही, असं काहीबाही त्याने सांगून पाहिलं. ताईंनी ऐकून घेतलं. मग त्याने पुन्हा वाचायला घेतलं. वेणीपर्यंत आला आणि आवाज आपोआप खाली गेला. या वेळी तो त्याला स्वतःलाही ऐकू आला. तो थांबला.

आपण हे पान इतक्यांदा वाचलं, पण दिनू आपल्याला एकदाही भेटला नाही, असं वाटून त्याला फार वाईट वाटलं.

"जमत नाही, ताई. पुढे काय होणार ते मला माहीत आहे. ते विसरू कसं?"

"विसरू नकोस. शेजवळबाई विसरल्यात का?"

"मग पहिलं पान वाचताना मी करू काय?"

इंदुताईंनी त्याच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं.

"वेणी सोडव, आणि त्या दिनूला पकडून पाठीत एक धपाटा घाल."